जुनी नोंद कायम

दोन नोंदी सारख्या निघाल्या की जुनी ठेवायची आणि नवी काढून टाकायची, हे मला इचलकरंजीच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. सुताची मोठी पेढी होती. गिऱ्हाइकांचा तक्ता लाखभर ओळींचा, आणि तो भरणारे हात शंभर. एकच माणूस कुणी आडनावानं लिहिलेला, कुणी दुकानाच्या नावानं, कुणी घाईत अर्धाच. ती भुताटकी निस्तरायला मला बसवलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं.

तिथंच दुसरी गोष्ट कळली, आणि ती पुस्तकातसुद्धा कुणी नीट सांगत नाही. रिकामा रकाना म्हणजे 'माहीत नाही'. दोन रिकामे रकाने समोरासमोर आले म्हणून ते सारखे होत नाहीत. यंत्राला हे आधी बजावावं लागतं. नाहीतर ज्यांचा ज्यांचा फोन नंबर भरलेला नाही, ते सगळे त्याच्या लेखी एकच माणूस. एकदा आमच्याकडे असंच झालं. गावोगावची गिऱ्हाइकं एका म्हाताऱ्या बाईच्या नावावर गोळा झाली. आम्ही दिवसभर पोट धरून हसलो होतो.

पुढं माझं लग्न झालं. बत्तीस उलटली होती, आईनं हाय खाल्ली होती, आणि आजऱ्याकडचं स्थळ आलं. संग्राम रेडेकर. काजूचा कारखाना, म्हणजे पत्र्याची एक शेड, भाजायची भट्टी आणि सोलायला येणाऱ्या गावातल्या बायका. दुसरेपण होतं. पहिली बायको वर्षभरापूर्वी गेली होती, चार वर्षांची मुलगी मागं ठेवून. बघायला आले तेव्हा हे माझ्याकडं न बघता कपातल्या चहाकडं बघत बसले होते. मला वाटलं, लाजतायत. बरं वाटलं होतं मला, लाजणारा माणूस म्हणून.

लग्नात तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहितात. यांनी लिहिलं, भटजींनी वाचलं, आणि मांडवात जरा कुजबुज झाली. मृदुला. पहिलीचंच नाव.

सासूला मी आत्या म्हणते. आत्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. "कागदं सगळी त्याच नावाची हाईत, बाई. रेशनकार्डात नाव हाय, दवाखान्याचं कार्ड हाय. परत कोण तालुक्याला हेलपाटे घालणार? आणि पोरीच्या कानावरबी तेच नाव पडू दे. ती अजून इचारती, आई दवाखान्यातनं कधी येणार म्हणून."

"म्हणजे तिला सांगितलं नाही?"

"सांगू की सावकाश. लहान हाय."

मी हसून सोडून दिलं. मला काय, हाक मारली की ओ द्यायची. त्यांनी चांदीचा एक छोटा टाकही माझ्या गळ्यात बांधला. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक घालायचा, म्हणजे तिचा जीव शांत राहतो. तेही घातलं. नाव तिचं, टाक तिचा, घर तिचं, आणि मूल तिचं. मी स्वतःला म्हणाले, तनुजाबाई, तुम्ही इथं काय घेऊन आलात? दोन ट्रंका.

त्याच वर्षी पावसाळ्यात मला ताप आला. माझं दवाखान्याचं कार्ड माहेरच्या नावाचं, माहेरच्या पत्त्याचं. हे म्हणाले, "एवढ्यातेवढ्याला कोण नवीन काढत बसतंय?" आणि कपाटातून मृदुलाचं कार्ड काढलं. डॉक्टरांनी त्यावर तपासलं. पुढं दाढ दुखली, त्यावरच. मग मी रीतसर नाव बदलून नवीन कार्डही घेतलं, त्यावर फोन यांचाच. तेव्हा मनात एकदा आलं होतं, की आता आपण एका घरात दोन ओळी झालो. पण संसारात पडलं की असल्या गोष्टी मागं राहतात.

आता थोडं त्या यंत्राबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यानं केलं. म्हणजे आम्ही केलं, त्यानं फक्त निस्तरायला घेतलं.

राज्यातल्या सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी एका तक्त्यात आणायचं ठरलं होतं. कल्पना चांगलीच होती. एखाद्याला पेनिसिलिन चालत नाही हे एका गावात लिहिलेलं असायचं, आणि तोच माणूस दुसऱ्या गावात नव्या नावानं दाखल होऊन जीव गमवायचा. म्हणून आधी दुबार नोंदी शोधून एक करायच्या. ते काम जुळवणीयंत्राकडं. ते नाव, नवरा, पत्ता, फोन, जन्मसाल, बोटांचे ठसे असं एकेक ताडून बघतं आणि प्रत्येकाला गुण देतं. बेरीज पुरेशी झाली की माणसाला न विचारता दोन ओळींची एक ओळ.

आणि त्या एका ओळीतून उभा राहायचा प्रतिदेह. तुमच्या आजवरच्या सगळ्या तपासण्या, औषधं, मनगटावरच्या पट्ट्यातून येणारी नाडी आणि अंगातलं बारीकसारीक दुखणं-हलणं, हे सगळं घालून तुमच्या शरीराचा एक हिशेबी जोड तयार करतात. गोळी आधी त्याला द्यायची, त्याचं काय होतं ते बघायचं, मग तुम्हाला. गावात त्याला नुसतं 'बोलकी' म्हणतात, कारण भिंतीवरच्या डबीतून तो बोलतो, आणि तुमच्याच आवाजात. डॉक्टरचं कुणी ऐकत नाही, पण स्वतःचा आवाज आला की माणूस मुकाट्यानं गोळी घेतो, असं म्हणे संशोधनात निघालं. हा आवाज ते दवाखान्यातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून तयार करतात.

मला दिवस गेले आणि पाचवा लागला तेव्हा आशाताई डबी बसवायला आल्या. सकाळची वेळ. आत्या तांदूळ निवडत होत्या, हे दुधाची किटली घेऊन दारात, शरू, म्हणजे आमची शर्वरी, दप्तर भरत होती. आशाताईंनी पट्टा माझ्या मनगटात घातला, कळ दाबली.

डबी म्हणाली, "आले बरं का मी. अजून पाणी प्यायलं नाही आपण सकाळपासून."

पातळ आवाज, वाक्याच्या आधी किंचित श्वास घेणारा. माझा आवाज जाडा आहे, सुताच्या गोदामात ओरडून झालेला. मी हसले. "ताई, हे कुणाचं बसवलंत? माझा नाही हा आवाज."

आत्यांच्या हातातलं सूप तिरकं झालं होतं आणि तांदूळ जमिनीवर सांडत होते. हे दारातच उभे, किटली तशीच धरून. आणि शरू दप्तर टाकून डबीपाशी गेली आणि तिनं वर बघून विचारलं, "तू दवाखान्यातनं आलीस?"

"शरू," डबी म्हणाली, "दात घासलेस का?"



झालं काय होतं, ते मला दुपारपर्यंत उमगलं. मृदुला गेली ती बेळगावला नेताना, सीमेपलीकडच्या रस्त्यावर, गाडीत. तिच्या माहेरच्यांनी तिला तिकडंच नेलं, तिकडंच सगळं केलं. त्या राज्याच्या तक्त्यात ती नव्हती, आणि आमच्या तक्त्यात ती मेली नव्हती. उलट तिच्या कार्डावर ताप आला होता, दाढ दुखली होती. मग माझी ओळ आली. तेच नाव, तोच नवरा, तोच फोन. जन्मसालातला फरक यंत्रानं लिहिणाऱ्याची चूक धरली. राहता राहिले ठसे. काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं टरफलातल्या तेलानं जळतात, कातडी सोलवटून निघते, ठसा उमटतच नाही. तिचा उमटला नव्हता. मीही दोन वर्षं शेडमध्ये बसत होते, माझाही उमटला नव्हता. ठशांच्या रकान्यात दोघींच्या नावापुढं काहीच नव्हतं, आणि यंत्राला ते सारखं वाटलं.

जुनी ओळ ठेवली, नवी तिच्यात मिसळली. एवढंच.

मी हे चार लोकांना सांगून मिटवलं असतं. मृदुलाला दुसऱ्या गरोदरपणाच्या शेवटी काय झालं होतं, ते कळलं नसतं तर.

डॉ. शिंत्रेबाईंचं तालुक्याला प्रसूतिगृह आहे. त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला आणि सावकाश समजावलं. काही बायकांचं हृदय गरोदरपणाच्या शेवटी शेवटी अचानक अशक्त होतं, स्नायू सैल पडतो, पुरेसं रक्त पुढं ढकलत नाही. बाई वाचली तर पुष्कळदा ते पूर्ववत होतं. पण एकदा झालेलं असलं, तर पुढच्या खेपेला पुन्हा होण्याचा धोका मोठा. आजची तपासणी चांगली आली, तरीही.

"म्हणजे माझं हृदय चांगलं आहे, हेसुद्धा माझ्या उपयोगाचं नाही?"

"प्रतिदेह म्हणतोय, हे मूल ठेवू नये. कायद्याची मुदत आहे अजून काही आठवडे."

"बाई, हृदय तिचं बिघडलं होतं. मी तनुजा. तुम्हाला दिसतंय ना, मी वेगळी आहे?"

त्यांनी चष्मा काढला. "मला दिसतंय हो. पण पडद्यावर नाही दिसत. त्याच्या विरुद्ध लिहून मी तुमचं बाळंतपण केलं आणि काही बरंवाईट झालं, तर माझं हे घर बंद होईल. दुसरीकडं गेलात तरी हीच ओळ उघडणार. आधी नोंद वेगळी करून आणा. मी पहिल्या दिवशी तुम्हाला घेते."

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. कोल्हापूरला विभक्ती कक्ष आहे. तिथं जवळच्या नातेवाइकानं सांगायचं, की जुनी नोंद मृत व्यक्तीची आहे. मग माझी ओळ सुटी. मृताचा प्रतिदेह मात्र कायमचा पुसतात, आवाजासकट. मेलेल्याच्या आवाजात बोलून लोकांनी फसवाफसवी केली होती म्हणून तसा नियम झाला.

"जाऊया की," हे म्हणाले. "काजूचा हंगाम जरा उरकू दे."

माझ्या पोटातल्या जिवाला मुदत होती, आणि यांना हंगाम आठवला.

त्या दिवसांत ती डबी घरात नांदायला लागली. मृदुला पहिल्यापासून आजारी, त्यामुळं दवाखान्यात तिचं बोलणं भरपूर साठवलेलं. तिनं डॉक्टरांना काय काय सांगितलं होतं. शरूला कुशीत घेतलं की दम लागतो. यांनी आणलेली फणसाची भाजी पचत नाही, पण सांगवत नाही. ते सगळं त्या डबीत होतं, आणि मधूनच बाहेर यायचं. शरू शाळेतून आली की तिच्यापुढं पाट मांडून बसायची. आत्या आधी घाबरल्या, अंगारा लावला, आणि आठवड्याभरात तिला विचारायला लागल्या, "मीठ कमी घालू का गं?"

एकदा भर दुपारी मी शेडमध्ये डबा घेऊन गेले. बायका जेवायला गेल्या होत्या. हे पोत्यांच्या आड बसले होते, फोन कानाशी. डबीचं बोलणं फोनवरही येतं.

"जेवलीस का?" यांनी विचारलं. इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

"जेवले," फोनमधून मृदुला म्हणाली. "भात कमीच गेला. पित्त झालंय, कमरेत दुखतंय उजवीकडं. बाळ हललं आज दोनदा."

भात मी खाल्ला होता. कमर माझी दुखत होती. बाळ हललं हे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, यांना सांगायचं म्हणूनच डबा घेऊन आले होते. माझ्या अंगातली बातमी तिच्या तोंडून यांना आधीच पोचली होती.

मी डबा पोत्यावर ठेवला. यांनी वर बघितलं, आणि चोरी पकडल्यासारखे उठले.

"असूदे," मी म्हणाले. "बोला की. खुशाली तर माझीच विचारताय."

त्या दिवशी मी डबीसमोर उभी राहिले. मला भांडायचं होतं, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं. "कोण आहेस तू?" मी विचारलं.

"आपणच की," ती म्हणाली. "डाव्या कुशीवर झोपत जाऊया आता. मागच्या वेळी उताणं झोपून घुसमटलो होतो. पाय सुजतील, मग खोकला येईल. तेव्हा लगेच सांगायचं. मागच्या वेळी उशीर केला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता की आकस नव्हता. ती खरोखर माझी काळजी घेत होती. त्याचीच मला भीती वाटली. त्यानंतर जिना चढताना मला दम लागायला लागला. पाय सुजलेत का हे मी अंगठ्यानं दाबून बघायला लागले. शिंत्रेबाईंनी पुन्हा तपासलं, हृदय ठणठणीत. मी त्यांना म्हणाले, मग हा दम कुणाचा आहे?

मुदत संपत आली तेव्हा मी यांना सांगितलं, आज गाडी काढा, नाहीतर मी एसटीनं जाते. गाडी काढली. आत्या आणि शरूही आल्या, पोरीला घरी कुणाकडं ठेवणार.

विभक्ती कक्षात एक तरुण अधिकारी होत्या, माने म्हणून. बोलायला चांगल्या. त्यांनी कागद बघितले, माझी सोलवटलेली बोटं बघितली, आणि कपाळावर हात मारला. "रिकामं रिकाम्याशी जुळवलंय. अशा अजून किती असतील देव जाणे." मग यांना म्हणाल्या, "सोपं आहे. नोंद बंद करताना प्रतिदेह स्वतः खात्री करतो, म्हणजे भलत्याच माणसाला कुणी मारू नये. तो विचारेल, तुम्ही फक्त हो म्हणायचं."

टेबलावरच्या डबीतून तो श्वास आला. मग ती म्हणाली, "संग्राम रेडेकर, मृदुला संग्राम रेडेकर वारली आहे का?"

हे डबीकडं बघत राहिले. शरू आत्यांच्या पदराआडून ऐकत होती. मी पोटावर हात ठेवून उभी होते. देवाशपथ सांगते, मला तेव्हासुद्धा खात्री होती, की हा माणूस हो म्हणणार.

"नाही," हे म्हणाले.

डबी म्हणाली, "नोंद कायम."

मानेबाई गडबडल्या. म्हणाल्या, अर्ज उघडाच राहील, घरूनही खात्री देता येईल, डबीसमोर नुसतं 'खात्री' म्हणायचं, घाई नाही. मी विचारलं, "माझ्या एकटीच्या हातात काही आहे का?"

होतं. मी मृदुला नाही, असं मी स्वतः लिहून दिलं, तर माझी माहेरची जुनी नोंद परत सुरू होणार होती. त्याला कुणाची संमती लागत नाही. पण मग मी तनुजा विलास हावळ, अविवाहित. आणि रेडेकरांची बायको मृदुला, हयात. माझ्या मुलाच्या बापाचा रकाना रिकामा.

"मांडा," मी म्हणाले.

पट्टा मनगटातून काढून टेबलावर ठेवला आणि तिथूनच इचलकरंजीची गाडी धरली. हे मागं आले नाहीत. आत्या तेवढ्या स्टँडापर्यंत आल्या. रागापेक्षा मला लाज जास्त वाटली. कशाची, ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. जिवंत असून हरले होते मी, त्याची असावी.

आईकडं मला नवी डबी मिळाली. ती माझ्या जाड्या आवाजात बोलली, "नाडी उत्तम, हृदय उत्तम," आणि मी भिंतीला टेकून रडले. दम लागायचा थांबला. मुदत सरून गेली, मूल पोटात राहिलं. शिंत्रेबाईंनी फोन करून सांगितलं, कधीही या.

सातवा सरत आला असताना आत्यांचा फोन आला.

"तू ये," त्या म्हणाल्या. "तुला कुठल्या तोंडानं म्हणू, पण ये. पोरगी उठंना झालीया."

"ताप आहे?"

"ताप न्हाई. तिनं तो पट्टा घातलाय."

मी गेले. आईनं अडवलं, तरी गेले. पुढच्या सोप्यात शरू डाव्या कुशीवर झोपली होती. सात वर्षांची पोर, पाय पोटाशी घेतलेले, हात उशीखाली. मनगटावर कोल्हापूरहून घरी आणलेला माझा पट्टा, सैल होता म्हणून दोऱ्यानं बांधलेला. बाजूला हे बसलेले, दाढी वाढलेली.

आत्यांनी सांगितलं. मी गेल्यावर डबी रोज सकाळी म्हणायची, "नाडी मिळत नाही. पट्टा घातलाय ना?" दिवसभर तेवढंच, दुसरं काही बोलायची नाही. आई बोलत नाही म्हणून शरूनं पट्टा स्वतःच्या हातात चढवला. मग ती बोलायला लागली.

माझं तिच्यातून काढून घेतल्यावर उरलं होतं ते मृदुलाचं, आणि मृदुलाच्या ओळीत पुढं काहीच झालेलं नव्हतं. बाळंतपण नव्हतं, मरण नव्हतं. ती आठव्या महिन्यात होती. तक्त्यात ती आठव्याच महिन्यात राहणार होती.

"आठवा आहे," डबी म्हणत होती. "उठू नये आपण. नाडी फार जलद चालतेय. मागच्यापेक्षा जास्त. दम लागतोय ना?"

"लागतोय," शरू म्हणाली. आणि तिला खरोखर लागत होता. छाती भात्यासारखी चालत होती.

मी पोट सावरत खाली बसले, दोरा तोडला आणि पट्टा काढला. शरूनं माझ्या हाताला चावा घेतला. मी हात काढून घेतला नाही.

"नाडी मिळत नाही," डबी म्हणाली. "पट्टा घातलाय ना?"

यांनी माझ्याकडं बघितलं. माझं बोलून झालं होतं. कुणी सांगितलं म्हणून हा माणूस बोलणार असता, तर कोल्हापुरातच बोलला असता.

त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठून डबीसमोर उभे राहिले.

"खात्री," ते म्हणाले.

श्वास घेतल्याचा तो बारीक आवाज. "संग्राम रेडेकर, मृदुला संग्राम रेडेकर वारली आहे का?"

"होय." मग त्यांचा बांध फुटला. "गेलीस तू, मृदुला. गाडीत गेलीस. माझ्या मांडीवर डोकं होतं तुझं. पाणी मागितलंस आणि मी म्हटलं, पोचलोच आता. पोचलो न्हाई. बाळबी गेलं. तुझ्या भावांनी मला जवळ येऊ दिलं न्हाई, आणि मीबी गेलो न्हाई. गेलो असतो तर खरं झालं असतं."

डबी ऐकत होती. यंत्र ते, ऐकायचं म्हणूनच केलेलं. "ठिकाण?" तिनं विचारलं. यांनी सांगितलं. "कारण?"

"हृदय."

"सोबत कोण होतं?"

"मी," हे म्हणाले. "मी होतो."

"नोंद बंद करत आहे," ती म्हणाली, आणि त्यानंतर डबीतून काही आलं नाही.

शरू उठून बसली. तिनं डबीकडं बघितलं, बापाकडं बघितलं. तिला आजवर कुणी हे सांगितलंच नव्हतं, आणि आता ते सगळं तिच्यासमोरच बोललं गेलं होतं. तिनं हंबरडा फोडला. पोरगी आईसाठी पहिल्यांदा रडली, आणि ते ऐकून आत्याही कपाळ बडवून रडायला लागल्या. शेजारचे गोळा झाले. दारातून कुणीतरी विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

"सून गेली माझी," आत्या म्हणाल्या.

विचारणारी बाई माझ्या पोटाकडं बघत राहिली.

मी भिंतीपाशी बसून होते. सरकारदरबारी हे आता विधुर होते, आणि मी कुणीच नव्हते. संध्याकाळची गाडी मिळाली असती. उठावं असं वाटत होतं, पण उठले नाही. हे माझ्यासमोर येऊन बसले. तोंड उघडलं, पण माफी मागायलाही शब्द लागतात. त्यांचे सगळे आताच संपले होते. मीही त्यांना सोपं करून दिलं नाही. ते सोपं नव्हतंच.

मग आत्या उठल्या. डोळे पुसले, चुलीवरचं भाताचं पातेलं उतरवून ठेवलं आणि चूल विझवली. शेजारणीला सांगितलं, आज आमच्यात शिजणार न्हाई. मागच्या दारी बंब पेटवला. मेलेल्या माणसाच्या घरात करतात ते, तेव्हा करायचं राहिलेलं सगळं आत्या आता हळूहळू करत होत्या. आधी शरूला न्हाऊ घातलं, मग यांना पाठवलं, मग स्वतः न्हाऊन आल्या.

ओल्या केसांनी त्या माझ्यापुढं उभ्या राहिल्या. हे पाणी घरच्या माणसांसाठी असतं, पाहुण्यासाठी नसतं. त्यांनी क्षणभर थांबून मला नीट बघून घेतलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "तुजंबी पाणी काढलंय."

मी हात टेकून उठले आणि न्हाणीकडं गेले.